एकही खाडा न्हाई

मला दहावीला चांगले मार्क पडले, हा माझ्या आयुष्यातला पहिला मोठा अपघात. पुढचे सगळे त्यातूनच झाले. आमचं गाव उमरी तालुक्यातलं. घरी सोयाबीन, थोडा कापूस, आणि शिक्षणाच्या बाबतीत तोवर कुणी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. निकाल लागला आणि दुसऱ्या दिवसापासून मी डॉक्टर होणार हे ठरलं. कुणी ठरवलं ते आजही सांगता येणार नाही. गावात ज्याचे ज्याचे गुडघे दुखत होते, त्या सगळ्यांनी मिळून घेतलेला तो निर्णय असावा. एका आजोबांनी तर पेढा खाल्ला आणि लगेच मला जीभ काढून दाखवली. मीही वाकून पाहिली आणि उन्हात फिरू नका म्हणालो. आजवरची माझी वैद्यकीय सेवा तेवढीच.

पुढचं कसं करायचं हे विचारायला अप्पा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन नांदेडला काकाकडे गेले. काकाचं तिथं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आमच्या भावकीत ज्याच्याकडे प्रिंटर तो शिक्षणतज्ज्ञ. काकानं आम्हाला चहा पाजला आणि सगळं समजावून सांगितलं. डॉक्टर व्हायचं तर परीक्षा एकच, तिची तयारी करायची लातूरच्या क्लासमध्ये. पण बारावीला बसायला कुठल्या तरी कॉलेजात नाव लागतं. तर नाव लावायचं जळकोटकडच्या एका कॉलेजात आणि पोरगं ठेवायचं लातूरला. शहरातली कॉलेजं पोरांना वर्गात बसा म्हणून त्रास देतात. हे कॉलेज समजूतदार आहे.

अप्पांना हे पटेना. अप्पा सातवीपर्यंत शिकलेले. एकदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेला गेले नाहीत, म्हणून मास्तरांनी त्यांना दिवसभर उन्हात उभं केलं होतं. शाळेचं बाकी सगळं ते विसरले, पण खाड्याची भीती अंगात राहिली. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "अन् कालेजात गेलाच न्हाई, तर पुढं डाक्टरकीच्या ॲडमिशनला काई आडंल का?"

काका प्रिंटरमध्ये कागद सारत म्हणाला, "दादा, गेला तर आडंल."

मग त्यानं नियमही सांगितला. हजेरी कमी भरली तर बारावीचं हॉल तिकीट मिळत नाही, आणि हॉल तिकीट नाही तर पुढचं काहीच नाही. पण ती काळजी आपण करायची नाही, ती कॉलेज करतं. त्या कॉलेजातली समदी पोरं हजर असतात. एकही खाडा नसतो. अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आत्ताच काहीतरी चोरून आणलंय. मी मान खाली घालून बिस्किट खाल्लं.

मी लातूरला आलो. कॉलेजचा प्रवेशसुद्धा लातूरलाच झाला. कॉलेजचे क्लार्क पिशवी घेऊन आले आणि बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आमच्या सह्या घेऊन गेले. ओळखपत्रावर इमारतीचा फोटो होता. वर मजला, दारात कारंजं. असं भारी कॉलेज सोडून आपण क्लासच्या पत्र्याखाली बसतो याचं मला अधूनमधून वाईट वाटायचं.

क्लासमध्ये मात्र खाड्याची सोय नव्हती. दारात अंगठ्याचं मशीन होतं. अंगठा टेकला की घरी मेसेज जायचा : आपला पाल्य आज वर्गात उपस्थित आहे. हा मेसेज म्हणजे अप्पांचा पेपर झाला. सकाळी तो आल्याशिवाय ते बैलं सोडायचे नाहीत. आला की हॉटेलात बसून वाचून दाखवायचे. पाच मिनिटं उशीर झाला तर त्यांचा फोन, "लेका, हायस का न्हाईस?" मी फणफणलेल्या तापातसुद्धा मशीनपर्यंत गेलोय. अंगठा लावायचा, जिन्यात बसायचं, अप्पांची बैलं सुटली असतील असा अंदाज घ्यायचा आणि खोलीवर येऊन झोपायचं. जिथं माझं नाव नव्हतं तिथं माझी हजेरी अशी कडक, आणि जिथं नाव होतं तिथं कुत्रं विचारत नव्हतं. पण दोन्हीकडे मी रोज हजर. देवाला जे जमतं ते मला सोळाव्या वर्षी जमलं होतं.

बारावीचं निम्मं वर्ष सरलं आणि एका संध्याकाळी त्या क्लार्कसाहेबांचा मेसेज आला. उद्या कॉलेजची अचानक तपासणी आहे. अचानक असली तरी सकाळी अकराला आहे. शिक्षण खात्याचे साहेब येणार, पोरं मोजणार. जो बाकावर दिसणार नाही त्याचं हॉल तिकीट अडणार. पांढरा शर्ट, कॉफी रंगाची पँट. क्लासच्या मागच्या गल्लीत गाडी लागेल. खाली एक ओळ होती : कुणाचे पालक आले तर बरं दिसेल.

ती ओळ वाचली आणि माझ्यातला हुशार माणूस जागा झाला. हा माणूस माझ्यात क्वचित जागा होतो आणि दर वेळी नुकसान करून जातो. मला वाटलं, बाकीची पोरं नुसती बसतील, आपण साक्षीदार आणू. अप्पांना फोन लावला. कॉलेजात पालकांना बोलावलंय म्हणालो. साहेबांनी विचारलं तर जास्त बोलू नका, एवढंच सांगा, पोराचा एकही खाडा न्हाई.

अप्पा म्हणाले, "हाव, ते तर खरंच हाय की."

मी तिथंच सावध व्हायला पाहिजे होतं. पण मी पांढरा शर्ट शोधायला गेलो.

शर्ट मिळाला तो खोलीतल्या बुटक्या पोराचा. बाह्या कोपरापाशीच संपत होत्या. आत क्लासचा टीशर्ट, कारण थंडी होती. वरचा शर्ट इतका झिरझिरीत, की छातीवर 'लातूर' हा शब्द स्पष्ट वाचता येत होता. गाडीत सगळ्यांची तीच तऱ्हा. अर्ध्या रस्त्यात एकानं विचारलं, आपलं कॉलेज रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे. सगळ्यांनी ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर म्हणाला, तुमचं तुम्हाला म्हाईत पाहिजे, मी तर पहिल्यांदाच येऊन राहिलो.

कॉलेज सापडलं ते प्राचार्य रस्त्यावर येऊन हात हलवत उभे होते म्हणून. वरचा मजला नव्हता. कारंजंही नव्हतं. पत्र्याच्या चार खोल्या, एक व्हरांडा आणि मागे कुणाचा तरी गोठा. ओळखपत्रावरची इमारत कुणाची होती हे मला अजून कळलेलं नाही. प्राचार्यांनी आम्हाला पाहिलं आणि बापानं परदेशातून आलेली लेकरं पाहावीत तसे त्यांचे डोळे भरून आले. सर लोकही नवीनच वाटत होते. फिजिक्सच्या सरांनी मला हळूच विचारलं, "तू आपला का?" मी हो म्हणालो, आणि तुम्ही आपले का हे मनात ठेवलं.

आम्ही आत शिरलो तेव्हा बाकांवर काही मुली बसलेल्या होत्या. जवळच्या वाड्यातांड्यांवरून रोज चालत येणाऱ्या, तिथंच शिकणाऱ्या. क्लार्कसाहेबांनी त्यांना सांगितलं, आजच्या दिवस बाहेर बसा गं. त्यांनी दप्तरं उचलली आणि व्हरांड्यात जाऊन बसल्या. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. उलट बाक मोकळा झाला म्हणून मला बरं वाटलं. पण मागचे बाक लातूरच्या अनुभवी मंडळींनी आधीच धरले होते. माझ्या वाट्याला पहिला आला.

अप्पा आमच्या आधीच पोचले होते. पहाटेची एसटी, मग नांदेडवरून मुखेड, तिथून जीप. परीटघडीचा पायजमा-शर्ट, डोक्यावर टोपी, हातात अर्धापूरच्या केळांची पिशवी. गुरुजींना म्हणून आणली होती. गुरुजी कोण हे मला दाखवता येईना, म्हणून त्यांनी सगळ्यांना एकेक केळ दिलं आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. मला खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. ताठ. माझ्या कॉलेजात पहिल्यांदा आलेले. मीही पहिल्यांदाच आलोय, हे त्यांना गर्दीत कळलं नसावं.

साहेब आले. जाडसर, थकलेले, बोलायला शांत. त्यांनी वर्गावर नजर फिरवली. सगळी पोरं हजर, बाकांवर जागा नाही. प्राचार्यांचा चेहरा फुलला. साहेबांनी काही मोजलं नाही, हजेरीपटही उघडला नाही. माझ्यासमोर उभे राहिले, छातीवरचा शब्द वाचला, आणि म्हणाले, "प्यायचं पाणी कुठंय रे इथं?"

मला हॉल तिकीट अडलेलं दिसायला लागलं. फिजिक्सचा कुठलाही प्रश्न चालला असता. पण दोन वर्षं एकही खाडा न करता येणाऱ्या पोराला आपल्या कॉलेजातलं पाणी माहीत नाही, हे कसं चालेल? मी विचार केला की पाण्याची टाकी प्रत्येक शाळेत मागेच असते. उभा राहिलो आणि ठणकावून सांगितलं, "मागच्या बाजूला, सर."

साहेब मागच्या बाजूला गेले. प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. मागे गोठा आणि कडब्याची गंजी होती. थोड्या वेळानं मागून म्हशीचा आवाज आला, आणि साहेब पायमोज्यातले कडब्याचे तुकडे झटकत परत आले. माझ्याकडे बघितलं नाही, हे जास्त वाईट होतं. ते थेट व्हरांड्यात त्या मुलींपाशी थांबले. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

पाणी कुठं आहे हे त्यांनी तिथंही विचारलं. एक मुलगी म्हणाली, पाणी नाही सर, आम्ही घरून आणतो. तिनं आपली बाटली पुढे केली. साहेब पाणी प्यायले आणि बाटली परत देताना म्हणाले, "तुम्ही बाहेर का बसलात?"

"आज पोरं आल्यात, सर," ती म्हणाली.

वर्गात इतकी शांतता पसरली की क्लार्कसाहेबांचा ढेकर मागच्या बाकापर्यंत गेला. मला वाटलं, संपलं. आता साहेब आत येतील, हजेरीपट मागतील, एकेकाला उभं करतील. आणि पहिल्यापासून सुरू करतील, म्हणजे माझ्यापासून.

पण त्याआधी अप्पा खुर्चीतून उठले.

त्यांनी साहेबांना रामराम केला, केळ पुढे केलं, आणि मी फोनवर पढवलेलं वाक्य शब्दाला शब्द म्हणून टाकलं : सायब, माझ्या पोराचा एकही खाडा न्हाई. साहेब खिडकीतून वर्गाकडे बघत राहिले. अप्पांना वाटलं, विश्वास बसला नाही. एवढ्या लांबून आलेल्या माणसानं पुराव्याशिवाय बोलू नये, म्हणून त्यांनी मोबाइल काढला.

"हे बगा. रोजचा मेसेज हाय. उपस्थित, उपस्थित, उपस्थित. लातूरच्या क्लासचा हाय, तिथं अंगठा लागतो. दोन वर्षं झाली, लेकरू कुठं म्हणून हललं न्हाई."

मी डोळे मिटले. अप्पा बोलतच राहिले. ताप होता तरी गेला, सायब. दिवाळीला सगळ्यांच्या मागून घरी आला. माझ्या इमानदारीची एवढी लांबलचक, एवढी प्रेमळ साक्ष आजवर कुणी दिली नाही, आणि तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर माझं हॉल तिकीट जळकोटच्या शिवारात उडत चाललं होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्या पाठीत पेन खुपसलं. रास्त होतं. बुडणार होतो ते सगळेच.

डोळे उघडले तर साहेब अप्पांचा मोबाइल हातात घेऊन बघत होते. वरवर नाही, नीट, बोटानं सरकवत. मग त्यांनी विचारलं, "आणि आजचा?"

अप्पांचा चेहरा पडला. ती गोष्ट ते सकाळपासून कुणाला सांगत नव्हते. "आज गैरहजर दाखवून राहिलंय, सायब. पर त्यो तर हितंच हाय, तुमच्या म्होरं. मशीनचं कायतरी बिघडलं आसंल."

साहेबांनी स्वतःचा मोबाइल काढला. दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी धरले. तोच क्लास, तसाच मेसेज, तोच शब्द : गैरहजर. ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या पोरीचंही आज हेच आलंय. सकाळीच अर्धापूरला गेली. तिच्या कॉलेजात पण आज तपासणी आहे."

अप्पांना हायसं वाटलं. मशीनच बिघडलंय हे सिद्ध झालं होतं. "मग घ्या की," ते म्हणाले, "केळं बी अर्धापूरचंच हाय."

साहेबांनी केळ घेतलं. सोललं, पण बराच वेळ खाल्लं नाही. आत आले, प्राचार्यांच्या टेबलावर उभ्याउभ्याच दोन ओळी लिहिल्या आणि गाडीत बसून निघून गेले. प्राचार्यांनी त्या ओळी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवल्या. विद्यार्थ्यांची उपस्थिती समाधानकारक. बाकांची संख्या अपुरी, ती वाढवावी.

एसटीपर्यंत सोडायला म्हणून अप्पांना आमच्या गाडीत घेतलं आणि तिथं त्यांचा जयजयकार झाला. ज्यानं पाठीत पेन खुपसलं होतं त्यानंच त्यांना खिडकीची जागा दिली. व्हरांड्यातल्या मुली आम्ही निघाल्यावर आत जाऊन बसल्या असतील. त्या वेळी मी काही वळून बघितलं नाही. गाडीत केळी वाटणं चालू होतं.

हॉल तिकीट आलं. बारावीही झाली. प्रॅक्टिकलला मला पैकीच्या पैकी मिळाले, आणि तेही ज्या प्रयोगशाळेत कडब्याच्या पेंढ्या ठेवायचे, तिथले. कॉलेज सोडल्याच्या दाखल्यावर शेरा होता : वर्तणूक चांगली, उपस्थिती नियमित. मेडिकलच्या परीक्षेचा निकाल मात्र लागला तसा लागला. तो बघताना काकाच्या दुकानातला प्रिंटरसुद्धा मध्येच थांबला. डॉक्टरकी माझ्यापासून इतकी लांब होती की तिथपर्यंत जीपही जात नव्हती.

अप्पा बाकड्यावर बसले होते. मग दोन वर्षांपूर्वीचा प्रश्न त्यांनी परत विचारला, यावेळी मला. "खाड्यानं आडलं का रं?"

खरं उत्तर सोपं होतं. खाड्यानं काहीच अडलं नव्हतं. हजेरी कुणी विचारलीसुद्धा नव्हती. अडलं होतं ते डोक्यानं. मी वर्गात रोज हजर असायचो. पण अंगठा मशीनला लावून झाल्यावर बाकीचा मी कुठं असायचो, याचा मेसेज कधी घरी गेला नव्हता. हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात काका मदतीला धावला. म्हणाला, दादा, तपासणीला गेला त्या एका दिवशी क्लासला काय शिकवलं असंल कुणाला म्हाईत. ह्या परीक्षेत एक प्रश्न हुकला की हजार पोरं पुढं जातात. मी उघडलेलं तोंड मिटलं. शेवटी तो शिक्षणतज्ज्ञ होता.

मेडिकल राहिलं, मी नांदेडला बीएस्सी केली आणि आता काकाच्याच दुकानात बसतो. प्रिंटर माझ्याकडे आला आहे. जूनमध्ये गर्दी असते. कुणी भोकरहून येतं, कुणी उमरीहून, सोबत मार्क पडलेलं पोरगं असतं, आणि चहा होईपर्यंत तो प्रश्न येतोच : कॉलेजला नाही गेलं तर पुढं अडतं का? मी नियम सांगायला लागतो. टक्के सांगतो, कागद दाखवतो.

पण बाजाराच्या दिवशी अप्पा दुकानात असतात. कोपऱ्यातल्या खुर्चीवर, टोपी मांडीवर ठेवून. ते मला मध्येच थांबवतात आणि समोरच्या माणसाला जवळ बोलावतात.

"त्याला काय इचारता? मला इचारा," ते माझ्याकडे बोट करून म्हणतात. "दोन वर्षांत एकच दिवस कालेजात गेला, अन् डाक्टरकी गेली."

समोरचा माणूस माझ्याकडे बघतो. मी त्याचा फॉर्म प्रिंटला लावतो. कॉलेज बहुधा जळकोटकडचंच असतं. तिथं आता बाक भरपूर आहेत म्हणतात.